वतन, उमेदवारी आणि नोंदणी : अहमदनगर जिल्ह्याच्या अनुषंगाने व्यवसाय-मार्गदर्शनाचा इतिहास

मनुष्याने कोणते काम करून पोट भरावे हे कोणी ठरवावयाचे, हा प्रश्न आपल्याकडे सहसा जातिसंस्थेच्या किंवा आर्थिक इतिहासाच्या प्रकरणात घालून मोकळे होण्याची प्रथा आहे. त्यामुळे एक गोष्ट नजरेआड होते. काम आणि काम करणारा ह्यांची गाठ घालून देणारी काही ना काही यंत्रणा प्रत्येक समाजात असतेच. तिला कधी रूढीचे रूप असते, कधी मध्यस्थाचे, तर कधी सरकारी कचेरीचे. ह्या यंत्रणेचा स्वतंत्र इतिहास लिहिता येतो, आणि तो लिहिण्यासाठी एखादा जिल्हा निवडला तर तो अधिक स्पष्टपणे दिसतो. प्रस्तुत लेखात त्यासाठी अहमदनगर जिल्हा घेतला आहे. २०२४ मध्ये ह्या जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर असे झाले. ज्या काळाविषयी येथे लिहावयाचे आहे त्या काळातील कागदपत्रांत जुनेच नाव येत असल्यामुळे लेखात तेच ठेवले आहे. लेखकाचा विषय भाषाशास्त्र असल्याने पुराव्यात शब्दांचा वाटा थोडा अधिक राहील. परंतु कामधंद्याच्या इतिहासात शब्द हे दुय्यम साधन नव्हे, असे मला वाटते. जे कागदावर उतरत नाही ते पुष्कळदा शब्दाच्या अर्थांतरात उतरलेले असते.

तुलनेसाठी प्रथम युरोपकडे पाहू. व्यवसाय-मार्गदर्शनाच्या आधुनिक चळवळीचा आरंभ सामान्यतः अमेरिकेत, १९०८ मध्ये फ्रँक पार्सन्स ह्यांनी बॉस्टन येथे काढलेल्या कार्यालयापासून मानला जातो; त्यांचा ह्या विषयावरील ग्रंथ त्यांच्या निधनानंतर १९०९ मध्ये निघाला. त्याच वर्षी इंग्लंडात विल्यम बेव्हरिज ह्यांचे बेकारीवरील पुस्तक प्रसिद्ध झाले व मजूर-विनिमय केंद्रांचा कायदा संमत झाला. फेब्रुवारी १९१० मध्ये ती केंद्रे उघडली, आणि त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका कायद्याने शिक्षणखात्याच्या स्थानिक अधिकाऱ्यांना मुलांना कामाच्या निवडीविषयी सल्ला देण्याची मुभा मिळाली. जर्मनीत १९२७ च्या कायद्याने काम मिळवून देणे व कामाविषयी सल्ला देणे ही दोन्ही कार्ये एकाच सार्वजनिक संस्थेकडे सोपविली गेली. म्हणजे युरोपात हा विचार कारखान्याच्या दारात उभ्या असलेल्या बेकार मजुरापासून निघाला व शाळेतील मुलापर्यंत आला. तेथून तो सर्व वयांच्या नागरिकांपर्यंत पोहोचावयास मात्र जवळजवळ शंभर वर्षे लागली. युरोपीय संघाच्या परिषदेने मे २००४ मध्ये व पुन्हा नोव्हेंबर २००८ मध्ये जे ठराव केले त्यांत मार्गदर्शनाची व्याख्याच पालटलेली दिसते. आयुष्याच्या कोणत्याही टप्प्यावर, कोणत्याही वयाच्या नागरिकाला आपली कुवत व आवड ओळखता यावी, शिक्षणाचे व कामाचे निर्णय घेता यावेत, ह्यासाठीची अखंड सेवा असा तिचा आशय आहे. २००७ ते २०१५ ह्या काळात निरनिराळ्या देशांच्या धोरणांत मेळ घालण्यासाठी एक आंतरराष्ट्रीय जाळेही काम करीत होते. ह्या सेवा सर्वत्र सारख्या चांगल्या चालतात असे समजण्याचे कारण नाही. पण 'एकदा निवडले की संपले' ही कल्पना तेथे धोरणाच्या पातळीवर तरी सोडून देण्यात आली आहे, हे महत्त्वाचे.

आपल्याकडे आरंभबिंदूच वेगळा आहे. येथे मूळ अडचण बेकारीची नव्हती. जन्मतःच नेमून दिलेल्या कामाची होती. दख्खनच्या गावगाड्यात बलुतेदाराचे काम हे 'वतन' होते. अरबी भाषेत वतन म्हणजे मनुष्याची जन्मभूमी, स्वदेश. मराठीत येताना ह्या शब्दाने आपला अर्थ पालटला आणि तो वंशपरंपरागत हक्काचा वाचक झाला. हे अर्थांतर केवळ योगायोगाचे नव्हे. जेथे मनुष्याचे गावातील स्थान त्याच्या कामाच्या हक्कावर अवलंबून होते, तेथे 'देश' आणि 'हक्क' ह्यांस एकच शब्द पुरला. वतनपत्रांतून 'पुत्रपौत्रादी वंशपरंपरेने' असा जो ठराविक शब्दप्रयोग येतो त्यात पुढच्या पिढीच्या व्यवसायाचा प्रश्न आधीच निकालात काढलेला असतो. सुताराचा मुलगा, लोहाराचा मुलगा, महाराचा मुलगा ह्यांना विचारावयाचे असे काही उरतच नाही.

त्र्यंबक नारायण आत्रे ह्यांचा 'गावगाडा' (१९१५) हा ग्रंथ ह्या व्यवस्थेच्या अभ्यासकाला टाळता येत नाही. बलुतेदारांच्या थोरली, मधली व धाकटी अशा ज्या तीन प्रती मानल्या जात त्यांना 'कास' असा शब्द आहे. कास म्हणजे गाईची ओटी. गाव ही गाय आणि बलुतेदार तिला लुचणारी वासरे, असे हे रूपक. ह्यात कोणाला किती दूध मिळावे ते ठरलेले आहे. वासराने दुसरी गाय शोधावी ही कल्पना त्यात बसत नाही. महार वतनदाराच्या वाट्याला तर ह्या रूपकातले दूध फारच थोडे आणि राबणूक अहोरात्र, अशी स्थिती होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांनी मुंबई कायदेमंडळात १९२८ मध्ये वतनाच्या कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले त्यामागे हेच कारण होते. पुढे १९३६ च्या त्यांच्या जातिनिर्मूलनविषयक प्रबंधात त्यांनी जो युक्तिवाद केला तो व्यवसाय-मार्गदर्शनाच्या इतिहासकाराने आवर्जून वाचावा. जातिव्यवस्था कामे वाटून देते ती माणसाची कुवत वा कल पाहून नव्हे तर आईबापांचा दर्जा पाहून, आणि म्हणून आवड नसलेले काम पिढ्यान्‌पिढ्या करीत राहणारा मनुष्य त्या कामातून अंग काढून घेऊ पाहतो, असा त्या विवेचनाचा रोख आहे. बॉस्टन किंवा लंडन येथील लेखकांच्या डोळ्यांपुढे हा प्रश्न ह्या स्वरूपात कधी उभाच राहिला नाही.

वतनाबाहेर कामधंद्याला मराठीत शब्द नव्हते असे नाही. उलट त्यांची गर्दी आहे. पण ही गर्दी पाहिली तर तिच्यात बरेच पाहुणे आहेत. चाकरी व पेशा फारसीतून आले. 'नोकर' हा फारसीमार्गे आलेला, मुळात मंगोल शब्द. त्याचा मूळ अर्थ सरदाराचा साथीदार असा होता. 'रोजगार' म्हणजे फारसीत काळ, दिवसमान. आपल्याकडे तो रोजच्या कमाईचा वाचक झाला. सर्वांत मनोरंजक प्रवास 'कसब' ह्या शब्दाचा. अरबीत त्याचा अर्थ कमाई. मराठीत कमाई बाजूला पडली व हातातले कौशल्य तेवढे राहिले. बलुत्याच्या धान्यावर जगणाऱ्या कारागिराजवळ कौशल्य पुष्कळ आणि रोख कमाई थोडी, असे जेथे होते तेथे शब्दाने हे वळण घ्यावे ह्यात आश्चर्य नाही. (हे अनुमान आहे, सिद्धान्त नव्हे, पण ते टाकून देण्यासारखेही नाही.)

जन्माने ठरलेले काम मोडून नवे काम शिकविण्याचा संघटित प्रयत्न ह्या जिल्ह्यात प्रथम केला तो अमेरिकन मराठी मिशनने. १८३१ मध्ये नगर येथे मिशनचे ठाणे झाले. सिंथिया फॅरार ह्यांच्या मुलींच्या शाळा नगरात होत्या व त्या पाहूनच जोतीराव फुले ह्यांना स्त्रीशिक्षणाची प्रेरणा मिळाली, हे सर्वश्रुत आहे. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे काम शतकाच्या अखेरीस झाले. रेव्ह. जेम्स स्मिथ ह्यांच्या पुढाकाराने नगरात सर दिनशा माणेकजी पेटिट ह्यांच्या नावाची औद्योगिक शाळा उभी राहिली. तेथे सुतारकामापासून धातुकामापर्यंत हस्तव्यवसाय शिकविले जात. १८९६-९७ व १८९९-१९०० ह्या दोन दुष्काळांनी मिशनच्या आश्रयाला अनेक पोरकी मुले आली व औद्योगिक शिक्षण हा शोभेचा विषय न राहता निकडीचा झाला. डी. सी. चर्चिल नावाच्या मिशनच्या अभियंत्याने नगरात सुधारलेला हातमाग तयार केला, आणि १९०८ च्या सुमारास त्या मागाचा लौकिक नगरच्या बाहेरही पसरला. नगर हे विणकरांचे जुने गाव. पद्मशाली समाजाचा मागावरचा धंदा येथे होताच. तरीही महार-मांग समाजातून ख्रिस्ती झालेल्या घरातील मुलाने रंधा हातात घ्यावा किंवा मागावर बसावे, ही घटना साधी नव्हती. सुतारकी ही सुताराची, हा नियम तेथे मोडला.

ह्या प्रयोगाला 'मार्गदर्शन' म्हणावे काय? माझ्या मते म्हणू नये. शाळेने मुलाला जातीच्या कामातून सोडविले, पण नवे काम कोणते हे शाळेनेच ठरविले. जे कारखाने चालविता येत होते त्यांतले एखादे काम मुलाच्या वाट्याला येई. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात फुले ह्यांनी प्रचलित शिक्षण व्यवहारात उपयोगी पडत नाही अशी तक्रार करून प्राथमिक अभ्यासक्रमात शेतीच्या प्राथमिक ज्ञानाचा समावेश सुचविला होता. तेथेही विचार आहे तो 'काय शिकवावे' ह्याचा. 'शिकणाऱ्याने काय निवडावे' ह्याचा नव्हे. त्या काळी हे स्वाभाविकच होते. ज्याला शाळेचे दार उघडावयाचे आहे त्याला आधी दाराचाच विचार करावा लागतो.

पांढरपेशा वर्गात मात्र ह्याच काळात एक वेगळी यंत्रणा रुळली होती, आणि तिचे नाव 'उमेदवारी'. फारसी 'उमेदवार' म्हणजे आशा धरून असलेला. इंग्रजी अमलातील कचेरीत, पुढे कधी तरी जागा रिकामी होईल ह्या आशेवर बिनपगारी किंवा नाममात्र पगारावर लिहिणावळ करणारा तरुण तो उमेदवार. मामलेदार कचेरीत किंवा वकिलाच्या ओसरीवर दोन-चार वर्षे उमेदवारी केल्याखेरीज कारकुनी मिळत नसे. ही एका अर्थी शिकाऊपणाची पद्धत होती. पण उमेदवाराला कचेरीत बसू द्यावे की नाही हे ठरे ते ओळखीवर. म्हणूनच तिचा जोडशब्द 'वशिला'. अरबीत त्याचा अर्थ एखाद्याजवळ पोहोचण्याचे साधन असा आहे, व तो वाईट नाही. मराठीत मात्र आज हा शब्द निंदेखेरीज उच्चारता येत नाही. वतनात जन्म पुरेसा होता; उमेदवारीत जन्माबरोबर ओळखही लागू लागली. ज्याच्या घरात किंवा सोयऱ्यांत कचेरीचा माणूस नाही त्याला उमेदवारीची पायरीच चढता येत नसे.

उमेदवार ह्या शब्दाचे पुढे काय झाले तेही पाहण्यासारखे आहे. लोकप्रतिनिधींच्या निवडणुका सुरू झाल्यावर तो मते मागणाऱ्याला लागला. १९६१ मध्ये संसदेने शिकाऊ कामगारांविषयीचा कायदा केला तेव्हा त्याच्या मराठी रूपात 'शिकाऊ उमेदवार' अशी जोडी जमविली गेली. भरतीच्या जाहिरातीत अर्ज करणारा प्रत्येक जण आज उमेदवारच असतो. एकाच शब्दाच्या पोटात आशा, शिकणे व स्पर्धा अशा तीन अवस्था आहेत, आणि तिन्हींत दाता दुसराच कोणी आहे.

ह्याच्या अगदी विरुद्ध टोकाला 'व्यवसाय' हा शब्द आहे. संस्कृतात त्याचा प्रमुख अर्थ निश्चय, निर्धार. भगवद्गीतेत तो ह्याच अर्थाने येतो. धंदा हा अर्थ मराठीत नंतर प्रबळ झाला. तेव्हा 'व्यवसाय-मार्गदर्शन' ही संज्ञा ज्यांनी घडविली त्यांच्या मनात असो वा नसो, शब्दाच्या मुळाशी माणसाचा स्वतःचा निश्चय आहे. ही संज्ञा आली ती मुंबईहून. १९४१ मध्ये मुंबईत बाटलीबॉय ह्यांच्या नावाचे व्यवसाय-मार्गदर्शन कार्यालय निघाले. १९४७ मध्ये पारशी पंचायतीने असे कार्यालय काढले व डॉ. एच. पी. मेहता ह्यांनी ते नावारूपाला आणले. १९५० मध्ये मुंबई सरकारने स्वतःचे कार्यालय स्थापिले. १९५७ मध्ये त्याचे व्यवसाय-मार्गदर्शन संस्थेत रूपांतर झाले. आरंभ शहरातील एका सुशिक्षित व सधन समाजाकडून व्हावा हे समजण्यासारखे आहे. निवड करावयास दोन पर्याय तरी हवेत, आणि ते त्या काळी मुंबईत होते, पाथर्डीत नव्हते.

परंतु जिल्ह्यापर्यंत जी यंत्रणा खरोखर पोहोचली ती ह्या कार्यालयांची नव्हे, तर युद्धाची. दुसऱ्या महायुद्धात कुशल कामगारांची टंचाई भासू लागली तेव्हा हिंदुस्थान सरकारने १९४३ च्या सुमारास कुशल व अर्धकुशल कामगारांसाठी विनिमय केंद्रे काढली. जुलै १९४५ मध्ये युद्धावरून परतणाऱ्या सैनिकांच्या पुनर्वसनासाठी पुनर्वसन व सेवायोजन महासंचालनालय स्थापन झाले. फाळणीनंतर ह्या केंद्रांवर निर्वासितांचा भार पडला, आणि १९४८ पासून त्यांची दारे सर्वांना खुली झाली. हा सर्व आरंभ ज्या मजूर खात्याच्या कक्षेत झाला त्या खात्याचे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळातील सदस्य १९४२ ते १९४६ ह्या काळात डॉ. आंबेडकर होते. १९२८ मध्ये वतनाविरुद्ध विधेयक मांडणाऱ्या माणसाच्या खात्यात, जात न विचारता काम व कामगार ह्यांची गाठ घालणारी पहिली देशव्यापी यंत्रणा उभी राहावी, ह्या गोष्टीची नोंद आपल्या पाठ्यपुस्तकांत अभावानेच आढळते. नगरसारख्या लष्करी ठाण्याच्या जिल्ह्याला तर परतलेल्या शिपायाचा प्रश्न नवा नव्हता.

१९५२ मध्ये बी. शिवराव ह्यांच्या अध्यक्षतेखाली ह्या यंत्रणेची चौकशी करणारी समिती नेमली गेली व तिचा अहवाल १९५४ मध्ये आला. केंद्रांचे दैनंदिन काम राज्यांकडे द्यावे आणि त्यांनी केवळ नावे न नोंदविता तरुणांना सल्लाही द्यावा, अशा तिच्या शिफारशी होत्या. त्यानुसार १ नोव्हेंबर १९५६ पासून केंद्रे राज्यांच्या ताब्यात गेली. मार्गदर्शनाचे काम सरकारी यंत्रणेत शिरले ते ह्या वेळी.

आणि मग १९५८-५९ ही दोन वर्षे येतात. ह्या दोन वर्षांवर स्वतंत्र प्रबंध होऊ शकेल असे मला वाटते. १९५८ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय व्यवसाय वर्गीकरण प्रसिद्ध केले. देशातील प्रत्येक व्यवसायाला त्यात व्याख्या व क्रमांक मिळाला. त्याच वर्षी मुंबई राज्याने कनिष्ठ ग्रामवतने नष्ट करणारा कायदा केला आणि तो १९५९ च्या ऑगस्टपासून अमलात आला. १९५९ च्या जूनमध्ये भारताने आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेचा सेवायोजनविषयक करार मान्य केला, आणि त्याच वर्षी रिकाम्या जागा केंद्राला कळविणे बंधनकारक करणारा कायदा संसदेत संमत झाला. तो १ मे १९६० पासून, म्हणजे महाराष्ट्र राज्य ज्या दिवशी अस्तित्वात आले त्याच दिवसापासून, लागू झाला. एकीकडे गावातील जन्मजात कामाचे हक्क व ओझे दोन्ही रद्द होत होते, आणि दुसरीकडे प्रत्येक कामाला एक अनामिक क्रमांक मिळत होता. वतनात कामाला कुळाचे नाव होते. वर्गीकरणात कुळ गेले आणि आकडा आला. हे दोन्ही कायदे करणाऱ्यांनी एकमेकांकडे पाहिले होते असे दिसत नाही. तरीही चावडीवर वतनी चाकरी करणाऱ्या बापाचे वतन गेले आणि मॅट्रिक झालेल्या मुलाचे नाव नगरच्या कचेरीत कार्डावर चढले, हा बदल एकाच घरात, एकाच पिढीत घडू शकत होता.

ह्या कचेरीचे अधिकृत नाव 'सेवायोजन कार्यालय'. लोकांनी ते कधी मनापासून स्वीकारले नाही. बोलीत ते 'एम्प्लॉयमेंट'च राहिले. 'एम्प्लॉयमेंटला नाव घातले', 'कार्ड रिन्यू केले' आणि 'कॉल आला' किंवा, बहुधा, 'कॉल आला नाही', ही वाक्ये १९६० ते १९९० ह्या काळातील महाराष्ट्रातील कोणत्याही सुशिक्षित घरात ऐकावयास मिळत. युरोपीय भाषांत व्यवसायाला जे शब्द आहेत त्यांतील काहींच्या मुळाशी 'हाक' हाच अर्थ आहे. इंग्रजी व्होकेशन हा लॅटिनमधील हाक मारण्याच्या धातूपासून आला, जर्मन बेरुफ हाही तसाच. ती हाक ईश्वराची मानली जाई. आमच्याकडील हाक पोस्टाने यावयाची आणि तीवर कचेरीचा शिक्का असावयाचा. कार्डावरील क्रमांक व शिक्षण पाहून मुलाखतीला पाठविणे एवढेच काम केंद्राच्या हाती प्रत्यक्षात राहिले. सल्ला देण्याचे काम नियमांत होते. पण नोंदणीच्या रांगेने ते गिळले.

कायद्याची मर्यादाही पहिल्यापासून होती. जागा कळविणे बंधनकारक होते, केंद्राकडून माणूस घेणे बंधनकारक नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये ही गोष्ट स्पष्ट केली, आणि १९९६ च्या दुसऱ्या निर्णयात केंद्राकडील नावांखेरीज जाहीर आवाहन करून इतरांचाही विचार करावा असे सांगितले. न्यायाच्या दृष्टीने हे योग्यच होते. पण त्यानंतर कार्डाची पत ओसरली.

नगर जिल्ह्याच्या दृष्टीने ह्याहूनही महत्त्वाची एक तरतूद होती, आणि तिची चर्चा फारशी झाली नाही. १९५९ च्या कायद्यातून खाजगी क्षेत्रातील शेतीची कामे, यंत्रचालकांचा अपवाद वगळता, बाहेर ठेवली होती. घरकाम बाहेर होते. तीन महिन्यांहून कमी मुदतीचे कामही बाहेर होते. आता हा जिल्हा कसा आहे ते पाहावे. १९२६ मध्ये भंडारदऱ्याचे धरण पुरे झाले व प्रवरेच्या कालव्यांनी उत्तरेकडील तालुक्यांत ऊस आला. हरेगावला बेलापूर कंपनीचा कारखाना निघाला. १९५०-५१ मध्ये लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ ह्यांच्या प्रयत्नाने सहकारी साखर कारखान्याचा पहिला गळीत हंगाम झाला. दक्षिणेकडील व पूर्वेकडील पाथर्डी, शेवगाव, जामखेड हे तालुके कोरडेच राहिले. ह्या कोरड्या भागातून माणसे ऊसतोडीला निघाली, काही जिल्ह्यातल्याच कारखान्यांवर, काही फार दूर. त्यांना कामावर नेणारी यंत्रणा सेवायोजन कार्यालय नव्हती; ती मुकादम ही होती.

मुकादम ह्या शब्दाचा अरबीतील अर्थ 'पुढे ठेवलेला', अग्रणी. पूर्वी गावच्या पाटलालाही हा शब्द लावीत. ऊसतोडीचा मुकादम पावसाळ्यात वस्तीवर येऊन 'उचल' देतो, म्हणजे आगाऊ पैसे, आणि त्या पैशाच्या मोबदल्यात दिवाळीच्या आगेमागे टोळी घेऊन जातो. मजुरांची गणती माणसांनी होत नाही, 'कोयत्या'ने होते. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा मनुष्य म्हणजे अर्धा कोयता. ह्या मोजणीत बाईला स्वतंत्र अस्तित्व नाही. राष्ट्रीय व्यवसाय वर्गीकरणाच्या आवृत्त्या १९६८, २००४ व २०१५ मध्ये निघत गेल्या आणि त्यांतील क्रमांक वाढत गेले. पण ज्या मोजमापाने हा मजूर प्रत्यक्षात कामाला लागतो ते मोजमाप त्यांतील एकातही नाही. उचल फिटली नाही की पुढच्या हंगामाचे काम आपोआप ठरते. बापाची उचल मुलाच्या हातात कोयता देते असे घडले, की आपण वतनाच्या जवळ येऊन पोहोचतो. फरक इतकाच, की वतनाला निदान हक्काची बाजू होती.

रोजगार हमी योजनेचा उल्लेख येथे आवश्यक आहे, कारण १९७२ च्या दुष्काळात आकाराला आलेली व १९७७ च्या कायद्याने हक्काचे रूप घेतलेली ही महाराष्ट्राची योजना नेमक्या ह्याच मजुराकडे वळली. वि. स. पागे ह्यांचे नाव तिच्याशी निगडित आहे. मागेल त्याला काम, हे तिचे तत्त्व. कोणते काम, हा प्रश्न तिने हेतुतः बाजूला ठेवला. खडी फोडणे किंवा बांध घालणे. दुष्काळात दुसरे काही शक्यही नव्हते. काम देणारी यंत्रणा गरिबासाठी आणि निवडीचा सल्ला देणारी यंत्रणा शिकलेल्यासाठी, अशी वाटणी मात्र त्यामुळे पक्की झाली.

शाळांतील मार्गदर्शनाची कथा लवकर सांगून होते. मुदलियार आयोगाने (१९५२-५३) शाळांत मार्गदर्शन-अधिकारी व 'करिअर मास्टर' असावेत असे सुचविले. कोठारी आयोगाने (१९६४-६६) मार्गदर्शन हे शिक्षणाचेच अंग मानून त्याचा आरंभ प्राथमिक शाळेपासून करावा असे म्हटले. बहुतेक गावी हे काम भूगोलाच्या किंवा इंग्रजीच्या शिक्षकाच्या तासिकांत एक भर म्हणून पडले. २०१६ मध्ये महाराष्ट्रात दहावीच्या विद्यार्थ्यांची 'कल चाचणी' घेण्यात आली. 'कल' हा अस्सल मराठी शब्द त्या निमित्ताने शासकीय व्यवहारात आला ह्याचे भाषाशास्त्रज्ञाला समाधान वाटते. ज्या क्षेत्रांकडे कल पाहावयाचा त्यांत 'गणवेशधारी सेवा' असेही एक होते. अवर्षणी तालुक्यातील मुलाचा कल सैन्याकडे किंवा पोलीस भरतीकडे निघाला तर तो त्याचा स्वतःचा कल मानावयाचा की जमिनीचा, हे चाचणी सांगू शकत नाही.

१९७५ मध्ये आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेने मनुष्यबळ-विकासाविषयीचा करार केला. त्यात मार्गदर्शन व शिक्षण ह्यांची सांगड घालून ते मुलांप्रमाणे प्रौढांनाही मिळावे अशी अपेक्षा आहे. युरोपीय ठरावांची बीजे येथे दिसतात. भारताने हा करार २००९ मध्ये मान्य केला. २०१५ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय करिअर सेवा सुरू केली. त्याच सुमारास राज्यात कचेऱ्यांच्या पाट्या बदलत होत्या. सेवायोजन कार्यालयाचे आधी रोजगार व स्वयंरोजगार मार्गदर्शन केंद्र झाले, आणि मग जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र. पहिल्या नावात मालकाची सेवा आहे, दुसऱ्यात 'स्वयं' आला, तिसऱ्यात उद्योजक. काम शोधण्याचा भार कचेरीवरून हळूहळू अर्जदाराच्या खांद्यावर कसा सरकला ते ह्या तीन पाट्या क्रमाने वाचल्या तर कळते. मार्गदर्शन हा शब्द मात्र दुसऱ्या पाटीपासून टिकून आहे.

१९५९ चा कायदा २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन करण्यात आला व ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. तिच्यात विनिमय केंद्राच्या जागी 'करिअर सेंटर' ही संज्ञा आहे. करिअर हा फ्रेंचमार्गे इंग्रजीत गेलेला शब्द. लॅटिनमधील त्याचे मूळ गाडीवाचक शब्दात असून आरंभी त्याचा अर्थ गाडीचा रस्ता, शर्यतीची वाट असा होता. मराठीत तो भाषांतराशिवाय रुळला, तोही प्रायः महाविद्यालयात जाणाऱ्या मुलांपुरता. ऊस वाहणाऱ्या गाडीवानाच्या किंवा कोयत्यावर गेलेल्या जोडप्याच्या कामाला करिअर म्हटलेले मी अद्याप ऐकलेले नाही. संहितेतील संज्ञेला मराठीत कोणता शब्द योजावयाचा, 'व्यवसाय', 'रोजगार', 'उपजीविका' की जसाच्या तसा 'करिअर', हे ठरविताना त्या केंद्राच्या दारात कोणी यावे हेही ठरत जाणार आहे. आणि पाथर्डीच्या बाजूला मुकादमाची उचल त्याच हंगामात, त्याच शब्दाने, वाटली जात आहे.